लाकोम: पाँचरट्रेन सरोवराच्या उत्तर काठावरची क्रिओल वस्ती

बायूकाठ

न्यू ऑर्लिन्सच्या सहलींचे वृत्तान्त मराठीत पुष्कळ वाचायला मिळतात. ज्या पाँचरट्रेन सरोवराच्या दक्षिण काठावर ते शहर वसले आहे, त्याच्या उत्तर काठावरच्या गावांकडे मात्र आपली मंडळी फारशी वळत नाहीत. त्या काठावर, मँडेव्हिल आणि स्लायडेल या दोन मोठ्या गावांच्या मध्ये, लाकोम नावाची आठ-नऊ हजारांची वस्ती आहे. तिला नगरपालिका नाही, बाजारपेठ म्हणावी अशी पेठ नाही, आणि मोटारीतून भरधाव जाणाऱ्याला पाइनची झाडे, एखादे चर्च आणि पेट्रोल पंप यांपलीकडे काही दिसत नाही. तरीही लुइझियानातील क्रिओल समाज, म्हणजे वसाहतकाळातील युरोपीय घराण्यांचे आणि संमिश्र वंशाचे लोक, शहराबाहेर कसा जगला हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागातला एक दिवस कमी करून येथे यावे, असे माझे ठाम मत आहे. मी ह्यूस्टनला राहतो. तेथून मोटारीने साडेपाच-सहा तासांत लाकोमला पोहोचता येते, आणि मी येथे अनेकदा आलो आहे.

प्रथम पाण्याविषयी लिहितो, कारण गावाची सारी कहाणी पाण्यापासून सुरू होते. पाँचरट्रेनला सरोवर म्हणण्याची रूढी असली तरी रिगोलेट्ससारख्या चिंचोळ्या वाटांनी ते मेक्सिकोच्या आखाताशी जोडलेले आहे, त्यामुळे त्याचे पाणी मचूळ आहे. विस्तार सुमारे १,६३० चौरस किलोमीटर असूनही सरासरी खोली जेमतेम चार मीटर भरते. उत्तरेकडच्या पाइनच्या रानांतून संथ, चहाच्या रंगाचे प्रवाह या सरोवरात उतरतात. अशा प्रवाहांना तेथे बायू म्हणतात, आणि बायू लाकोम हा त्यांपैकी एक. त्याच्या मुखाशी गवताळ दलदल पसरलेली आहे. खेकडे, कोलंबी आणि मासे यांची वाढ याच दलदलीत होते आणि त्यांच्यावर काठावरच्या कुटुंबांचा पिढ्यान् पिढ्या चरितार्थ चालला.

१७८८ आणि १७९४ या वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये दोन भीषण आगी लागल्या. पहिल्या आगीत ८५६ इमारती जळाल्या. या दोन्ही आगींनंतर तेव्हाच्या स्पॅनिश अंमलदारांनी लाकडाऐवजी विटांच्या बांधकामाचा आग्रह धरला, आणि विटांची मागणी एकाएकी वाढली. उत्तर काठावर चांगली चिकणमाती होती, भट्टीसाठी लाकूड होते, पाइनपासून डांबर काढता येत होते, आणि शिंपल्यांचे ढीग भाजून चुना करता येत होता. हा सगळा माल शिडाच्या गलबतांतून सरोवर ओलांडून शहरात जाई. फ्रेंच क्वार्टरच्या ज्या भिंतींसमोर आपण छायाचित्रे काढतो, त्यांच्या विटा, चुना आणि लाकूड पुरवण्यात या काठाचा मोठा वाटा होता. लाकोमचे रान आणि लाकोमचा वारसा ही दोन वेगळी आकर्षणे समजून सकाळ एकाला आणि दुपार दुसऱ्याला दिली, तर गाव हाती लागत नाही. म्हणून येथे जाणाऱ्याने काय पाहावे, कधी जावे आणि तेथे कसे वागावे यांविषयी जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

माझ्या मते जाण्याचा उत्तम दिवस १ नोव्हेंबर हा होय. त्या दिवशी सर्व संतांचा सण असतो. तत्पूर्वी गावातली कुटुंबे आपापल्या छोट्या दफनभूमी झाडून काढतात, थडग्यांना चुना देतात आणि फुले वाहतात. सायंकाळी धर्मगुरू एका दफनभूमीतून दुसरीत जात आशीर्वाद देतात, आणि अंधार पडू लागला की प्रत्येक थडग्यावर मेणबत्त्या लावल्या जातात. न्यू ऑर्लिन्समध्ये थडगी स्वच्छ करण्याची चाल आहेच, परंतु मेणबत्त्या लावण्याची ही प्रथा लाकोमच्या क्रिओल कुटुंबांनी विशेष निष्ठेने जपली आहे. आपल्या मंडळातील काही कुटुंबांना घेऊन या वर्षी जावे, असा माझा विचार आहे.

चातक

बायूकाठ, आपण हा विषय काढल्याबद्दल मनापासून आभार. मी बॅटन रूजला राहतो आणि पक्षी पाहण्यासाठी या काठावर नेमाने जातो, म्हणून रानाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

लाकोमच्या दक्षिणेला सरोवराला लागून बिग ब्रँच मार्श हे राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे. त्याची स्थापना १९९४ साली झाली आणि त्याचे क्षेत्र सुमारे १८,००० एकर आहे. एकाच आश्रयस्थानात मचूळ पाण्याची दलदल, ओक वृक्षांची उंच बेटे आणि पाइनचे विरळ रान असे तिन्ही प्रकार सापडतात. बॉय स्काउट रोड या नावाची जी पायवाट आहे, तिचा सुरुवातीचा भाग लाकडी फळ्यांचा आहे; पुढे ती पाइनमधून दलदलीपर्यंत जाते. या वाटेवर रेड-कॉकेडेड जातीचा सुतारपक्षी राहतो, आणि केवळ त्याच्यासाठी दूरदूरची माणसे लाकोमला येतात.

इतर बहुतेक सुतारपक्षी वाळलेल्या खोडात घर करतात, हा मात्र जिवंत पाइनमध्येच करतो. त्यासाठी झाड जुने लागते, कारण जुन्या झाडाचा गाभा बुरशीने मऊ झालेला असतो. एक ढोली पूर्ण व्हायला वर्ष, कधी कित्येक वर्षे लागतात. ढोलीभोवती तो लहान लहान छिद्रे पाडून ठेवतो. त्यांतून राळ वाहत राहते, खोड पांढरट चिकट होते, आणि झाडावर चढणाऱ्या सापाला ती राळ अडवते. दक्षिणेतली जुनी पाइनची राने तोडली गेली तेव्हा हा पक्षी नाहीसा होण्याच्या मार्गावर आला. १९७० साली त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली, आणि २०२४ मध्ये त्याला त्याहून कमी धोक्याच्या वर्गात आणण्यात आले. हे आपोआप झालेले नाही. कर्मचारी ठरावीक काळाने रानात मुद्दाम आग लावतात, कारण खालची झुडपे जळून गेल्याशिवाय या पक्ष्याला हवे तसे मोकळे रान राहत नाही. जेथे जुनी झाडे उरली नाहीत तेथे खोडात तयार पेट्या बसवतात. काळी पडलेली खोडे पाहून पर्यटक हळहळतात, पण रान निरोगी ठेवण्याचाच तो मार्ग आहे.

हा पक्षी पाहायचा असेल तर सूर्योदयापूर्वी ढोलीच्या झाडापासून पुरेशा अंतरावर जाऊन उभे राहावे. कुटुंबातले पक्षी उजाडताच बाहेर पडतात, थोडा वेळ एकमेकांना साद घालतात आणि रानात पांगतात; त्यानंतर दिवसभर ते सापडतीलच असे नाही. दलदलीच्या बाजूला बगळे, पाणकावळे आणि तपकिरी पेलिकन सहज दिसतात. मगरीच्या कुळातले ॲलिगेटरही आहेत. त्यांना खाऊ घालणे बेकायदेशीर आहे आणि मुलांना पाण्याच्या कडेला एकटे सोडू नये. हिवाळ्यात काही भागांत परवान्याने शिकार चालते, म्हणून त्या काळात भडक नारिंगी अंगरखा घालावा.

आश्रयस्थानाचे कार्यालय लाकोममध्येच, बायूच्या काठावर आहे. ती जागा पूर्वी बायू गार्डन्स नावाची बाग होती, नंतर तेथे धर्मगुरूंचे विद्यालय झाले. जुन्या कॅमेलिया अजूनही तेथे हिवाळ्यात फुलतात. माहिती केंद्र आठवड्याचे सर्व दिवस उघडे नसते, हे लक्षात घेऊन बेत करावा.

दप्तरखाना

बायूकाठ यांच्या लेखातील विटांचा मुद्दा योग्य आहे, पण त्या विटा कोणी पाडल्या हे स्पष्ट लिहिले पाहिजे. वीटभट्ट्यांवर, डांबराच्या खड्ड्यांवर आणि लाकूडतोडीवर राबणारे हात बव्हंशी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे आणि त्यांच्या मुलाबाळांचे होते. लाकोमपासून थोड्या अंतरावर, मँडेव्हिलच्या पूर्वेला, फाउंटनब्लू हे राज्य उद्यान आहे. सुमारे २,८०० एकरांचे हे उद्यान बर्नार द मारिनी या श्रीमंत जमीनदाराच्या उसाच्या मळ्याच्या जागेवर उभे आहे, आणि १८२९ साली बांधलेल्या साखर कारखान्याच्या विटांचे भग्नावशेष प्रवेशमार्गाजवळच दिसतात. याच मारिनीने १८३४ साली मँडेव्हिल गाव वसवले. उद्यानातील ओक वृक्षांची रांग फार सुंदर आहे आणि तेथे लोक लग्नाची छायाचित्रे काढतात. मी प्रत्येकाला सुचवतो की आधी त्या कारखान्याच्या पडक्या भिंतींपाशी जाऊन थांबावे, म्हणजे ती सावली कोणाच्या श्रमातून उभी राहिली हे ध्यानात राहते.

क्रिओल समाजाविषयीही थोडी स्पष्टता हवी. न्यू ऑर्लिन्समध्ये वसाहतकाळातील फ्रेंच-स्पॅनिश घराण्यांचे वंशज स्वतःला क्रिओल म्हणवत, आणि गुलामगिरीतून मुक्त झालेले वा मुक्तच जन्मलेले संमिश्र वंशाचे लोकही क्रिओलच. लाकोम आणि शेजारच्या बायू लिबर्टीच्या काठी जी क्रिओल कुटुंबे रुजली, त्यांत आफ्रिकी, युरोपीय आणि चॉक्टॉ (या भागातली एक मूळनिवासी जमात) या तिन्ही रक्तांची सरमिसळ आहे. धर्माने कॅथलिक, घरात फ्रेंच किंवा क्रिओल बोलणारी, मासेमारी, होडीबांधणी आणि लाकूडकाम करणारी अशी ही कुटुंबे होती. १९२१ च्या राज्यघटनेने लुइझियानातल्या शाळांत केवळ इंग्रजीतून शिक्षण सक्तीचे केले, घरची भाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा झाल्या, आणि दोन पिढ्यांत ती भाषा स्वयंपाकघरापुरती उरली.

चॉक्टॉ लोकांचा उल्लेख केल्याशिवाय लाकोमचा इतिहास अपुरा राहील. न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेला क्रिओल कवी आद्रियँ रुकेत (१८१३–१८८७) धर्मगुरू झाला आणि १८५९ पासून बायू लाकोमच्या रानात चॉक्टॉ लोकांमध्ये जाऊन राहिला. त्यांनीच त्याला चाहता-इमा हे नाव दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील बहुतेक चॉक्टॉ कुटुंबांना पश्चिमेकडे, आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले. १९०९ साली स्मिथसोनियन संस्थेने येथील चॉक्टॉ जीवनावर एक अहवाल प्रसिद्ध केला, तोपर्यंत मोजकीच माणसे मागे उरली होती. त्यांच्या वेताच्या टोपल्या आणि ससाफ्रासच्या पानांची भुकटी न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात विकली जाई. गंबो नावाच्या ज्या रश्शासाठी सारे लुइझियाना प्रसिद्ध आहे, त्याला दाटपणा आणणारी फिले हीच. गावातल्या जुन्या लाकडी शाळेत बायू लाकोम संग्रहालय आहे. जागा लहान आहे आणि स्वयंसेवक ती चालवतात, त्यामुळे आधी विचारून जावे.

वसईचीवाट

मी वसईची आहे आणि आमचे कुटुंब पिढ्यान् पिढ्या कॅथलिक आहे, म्हणून १ नोव्हेंबरविषयी मला जे वाटते ते मोकळेपणाने लिहिते. आमच्याकडे २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, सगळे गाव दफनभूमीत जमते. त्याआधी कबरी धुतल्या जातात, झेंडूच्या आणि शेवंतीच्या फुलांनी सजवल्या जातात, मेणबत्त्या लावल्या जातात, आणि त्या वर्षी ज्यांच्या घरी मृत्यू झाला आहे त्यांच्याजवळ माणसे थोडा वेळ थांबून जातात. परगावी नोकरीला गेलेली मुले त्या दिवसासाठी रजा काढून येतात. दोन वर्षांपूर्वी मी लाकोमला १ नोव्हेंबरला गेले. तेथेही वृद्ध स्त्रिया घडीच्या खुर्च्या टाकून आपल्या माणसांच्या थडग्यांपाशी बसल्या होत्या, मुले मेणबत्त्या विझू नयेत म्हणून ओंजळीचा आडोसा करत होती, आणि नातेवाईक एकमेकांची चौकशी करत होते. मला परके वाटले नाही.

पण म्हणूनच एक गोष्ट आग्रहाने सांगते. कृपया मंडळाची मोठी सहल तेथे नेऊ नका. त्या दफनभूमी एखाद्या घरामागच्या अंगणाएवढ्या आहेत. आमच्या वसईत अनोळखी पंधरा-वीस जण कॅमेरे घेऊन आजीच्या कबरीभोवती उभे राहिले असते तर आम्हाला जे वाटले असते, तेच त्यांनाही वाटेल. एक-दोन कुटुंबांनी जावे, फाटकापाशी दिसणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीला अभिवादन करून आत येण्याविषयी विचारावे, आशीर्वादाच्या वेळी मागे उभे राहावे आणि छायाचित्र काढण्यापूर्वी त्या कुटुंबाची परवानगी घ्यावी. प्रार्थना चालू असताना कॅमेरा बाहेर काढूच नये. मी जेव्हा सांगितले की आमच्या घरीही उद्या मेणबत्त्या लागतील, तेव्हा एका काकूंनी मला आपल्याजवळची मेणबत्ती दिली आणि त्यांच्या सासऱ्यांच्या थडग्यावर लावायला सांगितली. विचारून गेले तर माणसे जवळ घेतात.

बायूकाठ

वसईचीवाट, आपली सूचना मला पूर्ण पटली. सहलीऐवजी दोन कुटुंबांनी मिळून जायचे, असे आता ठरवतो. दप्तरखाना यांनी फाउंटनब्लूविषयी लिहिलेले माझ्या मूळ लेखात असायला हवे होते इतके ते महत्त्वाचे आहे.

थडग्यांना द्यायचा चुना हा त्या काठावर एकेकाळी शिंपल्यांपासूनच तयार होत असे, हे आपल्या कोकणातल्या वाचकांना जवळचे वाटेल. सरोवरातले हेच शिंपले पुढे रस्ते आणि सिमेंट यांसाठी यंत्रांनी उपसले गेले, तळ ढवळून पाणी गढूळ झाले आणि खेकड्यांवर व माशांवर जगणाऱ्यांचे नुकसान झाले. काठावरच्या लोकांनी आवाज उठवला, १९८९ साली सरोवराच्या खोऱ्यासाठी एक संस्था उभी राहिली आणि १९९० मध्ये हा उपसा बंद झाला. आज पाणी पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. संकट टळलेले मात्र नाही. २९ ऑगस्ट २००५ च्या कॅटरिना वादळात सरोवराचे पाणी उत्तर काठावर चढले आणि लाकोमच्या सखल भागातली घरे बुडाली. बरोबर सोळा वर्षांनी, त्याच तारखेला, आयडा आले. बायूच्या काठी आज जी घरे उंच खांबांवर उभी दिसतात, ती यामुळे. दर वादळानंतर काही कुटुंबे परतत नाहीत आणि त्यांच्या थडग्यांना चुना द्यायला एक घर कमी होते. मला या गावाबद्दल तळमळ वाटते ती यासाठी.

ओंजळ

धागा फार आवडला. आमच्या दोन अडचणी आहेत. सासूबाई सत्तरीच्या आहेत आणि त्यांना फार चालवत नाही. शिवाय त्या शुद्ध शाकाहारी आहेत. मुक्काम कोठे करावा आणि त्यांना काय दाखवता येईल?

बायूकाठ

ओंजळ, मुक्काम मँडेव्हिल किंवा स्लायडेलला करावा. दोन्ही गावे लाकोमपासून पंधरा-वीस मिनिटांवर आहेत. फाउंटनब्लू उद्यानात तंबूच्या जागा आणि निवासही आहेत, परंतु वादळांनंतर दुरुस्त्या होत असतात म्हणून आरक्षणापूर्वी सद्यःस्थिती पाहावी.

सासूबाईंसाठी टॅमनी ट्रेस फार सोयीचा आहे. जुन्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून केलेली ही पन्नासेक किलोमीटरची डांबरी वाट कव्हिंग्टनपासून मँडेव्हिल, लाकोम असे करत स्लायडेलपर्यंत जाते, आणि तिच्यावर मोटारींना बंदी आहे. वाट सपाट आहे, चाकाची खुर्ची सहज जाते, आणि लाकोमजवळ ती बायूवरून जाते तेथे थांबून पाणी पाहता येते. स्लायडेलच्या बाजूला कॅम्प सॅल्मेन उद्यान आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे, रुंद पडवीचे क्रिओल पद्धतीचे घर बायू लिबर्टीच्या काठी उभे आहे. मोटार अगदी जवळपर्यंत जाते.

जेवणाबाबत मात्र काळजी घ्यावी. गंबोचा रस्सा बहुधा मांसाच्या किंवा कोलंबीच्या अर्कावर असतो, लाल राजम्यातही सॉसेज शिजवलेले असते, आणि भाजीच्या नावाखाली मिळणाऱ्या पालेभाजीत डुकराचे मांस असू शकते. विचारल्याशिवाय काही मागवू नये. सासूबाईंसाठी डबा बरोबर ठेवणे उत्तम.

दप्तरखाना

ओंजळ, सासूबाईंना संगीताची आवड असेल तर मँडेव्हिलमधील ड्यू ड्रॉप सभागृह अवश्य दाखवावे. कृष्णवर्णीय क्रिओल नागरिकांनी १८८५ साली परस्पर साहाय्यासाठी एक मंडळ काढले. आजारपणात औषधपाणी, मृत्यूनंतर अंत्यविधीचा खर्च, निराधारांना अन्न आणि निवारा ही त्याची कामे होती. १८९५ मध्ये त्यांनी हे साधे, बिनरंगाचे लाकडी सभागृह बांधले, आणि सरोवर ओलांडून येणारे न्यू ऑर्लिन्सचे जाझ वादक तेथे वाजवू लागले. खिडक्यांना काचा नाहीत; लाकडी झडपा उघडल्या की बाहेरच्या ओक वृक्षांखाली बसलेल्यांनाही ऐकू येते. वसंतात आणि शरदात आजही तेथे मैफली होतात. विमा कंपन्या ज्यांना दारात उभे करत नव्हत्या त्या लोकांनी एकमेकांना कसे सावरले, हे त्या एका खोलीत बसून कळते.

वसईचीवाट

ओंजळ, १ नोव्हेंबरला जाणार असाल तर त्या वेळी सूर्यास्त साधारण सहाच्या सुमारास होतो. साडेपाचपर्यंत पोहोचावे, म्हणजे आशीर्वादाच्या आधी जागा विचारून घेता येईल. दफनभूमीतली जमीन उंचसखल असते, म्हणून सासूबाईंसाठी घडीची खुर्ची न्यावी आणि हातविजेरी जवळ असू द्यावी. डासांवरचे औषध लावूनच उतरावे. मेणबत्त्या आपल्या आपण नेऊन कोणत्याही थडग्यावर लावू नयेत. फुले न्यायची असतील तर ती तेथल्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावीत.

चातक

बायूकाठ, दोन कुटुंबेच येणार असाल तर २ नोव्हेंबरला पहाटे मी बॉय स्काउट रोडच्या वाहनतळावर येऊ शकेन. सूर्योदयापूर्वी अर्धा तास तरी तेथे असावे लागेल. दुर्बिणी माझ्याकडे जास्तीच्या आहेत, मुलांसाठी वेगळ्या आणण्याची गरज नाही. पावसानंतर पुढच्या वाटेवर पाणी साचते, तेव्हा सर्वांनी घोट्याच्या वर येणारी पादत्राणे घालावीत.